तण व रानवनस्पती

तण : माणसाला नको असलेल्या जागी, नको त्या वेळी, पेरल्याशिवाय उगवणारी वनस्पती. तण हे वनस्पतींचे कुल नाही, प्रजातीही नाही. मोहरीच्या शेतात उगवलेला गहू तण ठरतो आणि गव्हाच्या शेतातली मोहरीही तणच ठरते. त्यामुळे या शब्दातून वनस्पतीचे गुणधर्म फारसे कळत नाहीत. तिचा माणसाशी असलेला संबंध मात्र कळतो. रानवनस्पती ही संज्ञा याहून व्यापक असून लागवडीवाचून वाढणाऱ्या सर्व वनस्पती तिच्यात येतात.

पूर, वणवा किंवा दरड यांमुळे उघड्या पडलेल्या मातीत सर्वांत आधी मूळ धरणाऱ्या वनस्पती शेती सुरू होण्यापूर्वीही होत्याच. नांगराने अशी उघडी माती दरवर्षी तयार करून दिली आणि या वनस्पती माणसाच्या मागोमाग शेतात आल्या. अल्प आयुष्य आणि भरमसाट बी ही त्यांची मुख्य लक्षणे होत. राजगिऱ्याच्या प्रजातीतील काही रानटी जातींचे एकेक रोप लाखाहून अधिक बिया देते. या बिया एकदम उगवत नाहीत. काही पहिल्या पावसात रुजतात, तर काही वर्षानुवर्षे मातीत सुप्त राहतात. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांतील एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हा व्हर्बॅस्कम प्रजातीच्या बिया १४२ वर्षांनीही रुजल्या. अनेक तणांच्या बियांना रुजण्यासाठी उजेडाचा क्षणभराचा स्पर्शही पुरतो, आणि मशागतीत माती उलटताना त्यांना तो नेमका मिळतो.

बियांवर न विसंबणारी तणे अधिक चिवट असतात. लव्हाळा ऊर्फ मोथा उपटला, तर हिरवी पाती हातात येतात आणि गाठी मातीतच राहतात. या गाठी बारीक, तारेसारख्या धुमाऱ्यांनी माळेप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत पुढच्या गाठीचा अंकुर मागच्या गाठींना दबवून ठेवतो. कुदळीने ती तुटली की सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटू शकते. मोथ्याच्या शेतात वरवरची खणणी म्हणूनच उलटी पडते. याच काळपट गाठी वाळवल्यावर सुवास देतात आणि आयुर्वेदात मुस्ता या नावाने ताप व अतिसारावर वापरल्या जातात.

‘तण खाई धन’ ही म्हण अक्षरशः खरी आहे, कारण पाणी, अन्नद्रव्ये आणि उजेड यांतील पिकाचा वाटा तण खाते. पीक लहान असतानाच्या पहिल्या काही आठवड्यांत झालेली हानी पुढच्या निंदणीने सहसा भरून निघत नाही. टारफुला तर थेट पिकाच्या मुळावर जगतो. त्याचे धुळीसारखे बी यजमानाच्या मुळांतून स्रवणारी रसायने जाणवल्याखेरीज सहसा रुजत नाही. पीक हीच रसायने आपल्या मुळांना फॉस्फरस पुरवणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी सोडते, आणि त्या हाकेला टारफुलाही ओ देतो. तो जमिनीवर दिसतो तोवर ज्वारीची बरीचशी हानी झालेली असते. त्याची फुले मात्र नाजूक व देखणी असतात.

तण काढणाऱ्या हातांनीही तणे घडवली आहेत. भातात सावा या धान्याच्या प्रजातीतील एक रानगवत वाढते आणि लहानपणी ते हुबेहूब भातासारखे दिसते. पान व खोड जुळते तिथे भाताला पातळ जिभली असते, या गवताला ती नसते. एवढ्यावरच ते ओळखावे लागते. वेगळी दिसणारी रोपे पिढ्यान्‌पिढ्या निंदली गेली आणि भातासारखी दिसणारी वाचली, त्यामुळे हे साम्य वाढत गेले. निकोलाय व्हाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की राय हे धान्य असेच गव्हाच्या शेतातील तणातून पीक झाले. तणनाशकांनीही अशीच निवड केली. १९४० च्या दशकात ती सर्रास वापरात येऊ लागली आणि १९७० मध्ये त्यांतील एकाला दाद न देणाऱ्या तणाची नोंद प्रसिद्ध झाली. एकच औषध वर्षानुवर्षे फवारणे हा तण माजवण्याचाच मार्ग आहे.

सौंदर्यापायीही तणे पसरली. घाणेरी तिच्या रंगीत गुच्छांसाठी आणि जलपर्णी जांभळट तुऱ्यांसाठी खंड ओलांडून बागांत व तळ्यांत नेली गेली. तेथून निसटून एकीने जंगले व्यापली, दुसरीने जलाशय.

औषधी गुणांचे मूळ बहुधा या वनस्पतींच्या स्वसंरक्षणात असते. किडी व जनावरांना दूर ठेवण्यासाठी त्या कडू किंवा विषारी संयुगे बनवतात. तीच मोजक्या मात्रेत औषध होतात. धोत्र्यातील अल्कलॉइडे भ्रम व मृत्यू घडवू शकतात, तर त्यांपैकी अॅट्रोपीन नेत्रतपासणीत बाहुली मोठी करण्यासाठी वापरतात. ‘रानातले म्हणजे निरुपद्रवी’ हा समज घातक आहे. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते आणि त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने अंगावर सूज आणणाऱ्या जलशोथाच्या साथी उद्भवल्या आहेत.

सदाफुलीत उपद्रव, शोभा आणि औषध ही तिन्ही अंगे एकत्र दिसतात. मूळची मादागास्करची ही वनस्पती बागेतून सुटून उष्ण प्रदेशांत पडीक जागी वाढते. मधुमेहावरील उपाय म्हणून १९५० च्या दशकात तिचा अर्क तपासताना, तो पांढऱ्या रक्तपेशी कमी करतो असे आढळले. त्यातून मिळालेली व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही द्रव्ये रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवर वापरली जातात. व्हिन्ब्लास्टिनच्या १ ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. त्यामुळे सदाफुलीची आता मुद्दाम लागवड होते आणि तिच्या वाफ्यांतही निंदणी करावी लागते.