सिझेरियनच्या व्रणावर रुजलेली वार

बाळ जन्मलं की साधारण अर्ध्या तासात वार (पोटातल्या बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) आपोआप सुटते. वार आणि गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये अस्तराचा थर असतो, तिथून ती अलग होते. मग गर्भाशय आकसतं आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त जात असतं. आकसणं जमलं नाही तर काय होईल, ते या आकड्यावरूनच कळतं.

सिझेरियनच्या जुन्या व्रणावर हा थर नीट तयार होत नाही. वार नेमकी तिथेच रुजली, तर ती थेट स्नायूत शिरते, कधी भिंत ओलांडून मूत्राशयापर्यंतही पोचते. हा प्लासेंटा अॅक्रेटा. अशी वार ओढून काढू गेलं की रक्त थांबता थांबत नाही.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वार गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या स्त्रियांमध्ये हा प्रकार पहिल्या सिझेरियनच्या वेळी 3 टक्के, दुसऱ्या वेळी 11 आणि तिसऱ्या वेळी 40 टक्के आढळला. वार वर असेल, तर तिसऱ्या वेळीही एक टक्क्याच्या आत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. गरजेचं सिझेरियन जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. मुहूर्त गाठण्यासाठी पोट उघडणं मात्र मला तरी पटत नाही; त्याची किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागू शकते.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असं कळलं की घरात काळजी सुरू होते. बहुतेकींची वार पुढे वर सरकते. आधी सिझेरियन झालं असेल, तर मात्र वार व्रणावर आहे का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. शंका असेल तर कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि गरजेप्रमाणे एमआरआय करतात. निदान आधी झालं, तर 34 ते 36 आठवड्यांदरम्यान तारीख ठरते, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवतात, मूत्रविकारतज्ज्ञ हाताशी असतो. बाळ काढल्यावर बहुधा वारेला हात न लावता गर्भाशयच काढतात.

मुंबईत परळचं केईएम किंवा शीवच्या टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी हे सगळं एका छताखाली मिळतं. छोट्या प्रसूतिगृहात नाही. त्यात आपल्याकडे बाळंतपण माहेरी. नाव डोंबिवलीत घातलेलं, पहिल्या ऑपरेशनची फाइल रत्नागिरीत. ती आताच मागवून घ्या. आणि पोटात न दुखताही लालभडक रक्त गेलं, तर फाइलची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा. आधीचं सिझेरियन दारातच सांगा.