पेप्सी-कोला : उगम आणि पहिली वर्षे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, न्यू बर्न नावाच्या नदीकाठच्या लहान गावी एका औषधाच्या दुकानात जन्मलेले शीतपेय. जनक केलेब ब्रॅडहॅम (१८६७–१९३४). त्याला खरे तर डॉक्टर व्हायचे होते. मेरीलँडमध्ये वैद्यकीचे शिक्षण चालू असतानाच वडिलांचा धंदा बुडाला आणि ते अर्धवट टाकून त्याला घरी परतावे लागले. काही काळ शिक्षकी केल्यावर त्याने मिडल आणि पोलॉक या रस्त्यांच्या कोपऱ्यावर औषधाचे दुकान थाटले.

औषधाच्या दुकानात सरबत ही आज विसंगती वाटेल, पण तेव्हा नव्हती. खनिज झऱ्यांचे फसफसते पाणी प्रकृतीला चांगले, अशी जुनी समजूत होती. त्यामुळे कृत्रिम सोडावॉटरही औषधविक्याकडेच मिळे. दुकानातल्या सोड्याच्या यंत्रापाशी गिऱ्हाईक बसे, दुकानदार पेल्यात पाक ओतून त्यावर सोडा सोडी आणि ज्याचा पाक चविष्ट त्याच्याकडे गर्दी होई. ब्रॅडहॅमनेही १८९३ मध्ये असाच एक पाक तयार केला. गावात तो ‘ब्रॅड्स ड्रिंक’, म्हणजे ब्रॅडचे पेय, या घरगुती नावाने खपू लागला.

१८९८ मध्ये त्याचे ‘पेप्सी-कोला’ असे बारसे झाले. ‘पेप्सी’ हा शब्द ‘डिस्पेप्सिया’ म्हणजे अपचन यावरून आला. पेय पचनाला मदत करते, असा निर्मात्याचा दावा होता. पेप्सिन हे पाचकद्रव्य त्यात घालत, असे वारंवार लिहिले जाते, पण नावातील साधर्म्यापलीकडे त्याला फारसा आधार नाही. १९०२ मध्ये दुकानाच्या मागच्या खोलीतूनच कंपनी सुरू झाली, पुढच्या वर्षी व्यापारचिन्हाची नोंदणी झाली. १९१० पर्यंत २४ राज्यांत बाटल्या भरण्याचे हक्क दिले गेले होते.

मग साखरेने घात केला. पहिल्या महायुद्धातील दरनियंत्रण उठताच साखर भडकली. १९२० मध्ये पौंडाला २० सेंटांच्याही वर गेली. भाव आणखी चढेल या धास्तीने ब्रॅडहॅमने चढ्या दरात मोठा साठा केला आणि वर्ष संपायच्या आत बाजार कोसळला. पेला मात्र पाच सेंटांचाच होता, त्यामुळे तोटा भरून काढायला वावच उरला नाही. १९२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ब्रॅडहॅम पुन्हा औषधे विकू लागला.

नव्या मालकांकडेही ती १९३१ मध्ये दुसऱ्यांदा बुडाली. तेव्हा लॉफ्ट या मिठाई कंपनीचा प्रमुख चार्ल्स गथ याने ती उचलली. लॉफ्टच्या दुकानांतून कोका-कोला खपे, पण त्याच्या पाकावर मागितलेली सवलत मिळेना. हा राग त्यामागे होता. गथने पाकाची कृतीही बदलून घेतली. म्हणजे पुढे जगभर गेली ती ब्रॅडहॅमची चव नव्हे, फक्त त्याने ठेवलेले नाव. मंदीच्या काळात १२ औंसांची बाटली पाच सेंटांना देण्याची युक्ती फळाला आली. प्रतिस्पर्धी त्याच पैशांत जेमतेम साडेसहा औंस देत होता. याच सुमारास, १९३४ मध्ये, ब्रॅडहॅम वारला.

न्यू बर्नच्या त्या कोपऱ्यावर आता स्मारकवजा दुकान असून तिथे सोड्याच्या यंत्रातून पेप्सी मिळते.