स्टोइक म्हणजे दुखणं गुपचूप सोसणारा? तसं नाहीये

"स्टोइक माणूस कण्हत नाही, गोळी घेत नाही, मनाच्या जोरावर दुखणं बंद करतो" असा मेसेज कधीपासून फिरतोय, आणि ऐकायला भारी वाटतो म्हणून पटतोही.

पण स्टोइक लोक, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका विचारपंथाचे तत्त्वज्ञ, स्वतः म्हणायचे की दचकणं, चेहरा पांढरा पडणं हे शहाण्यालाही होतंच, ते आपल्या हातात नाही. हातात असतं ते त्यापुढचं, म्हणजे पाठीतून कळ आली हे एक आणि "संपलं आता माझं सगळं" हे मनाने वर जोडलेलं दुसरं, त्या दुसऱ्याला लगेच हो म्हणायचं की थांबून बघायचं एवढंच. कळ त्याने जाईलच असं नाही, पण वरची भीती कमी होऊ शकते, आणि 3 महिन्यांच्या वर चालणाऱ्या दुखण्यात तीच फार छळते हो.

औषधाला तर विरोध नाहीच, तब्येत ही निवडण्यासारखी गोष्ट असंच ते मानायचे.

चेक करायचं तर 'एन्किरिडिऑन', म्हणजे एपिक्टेटस या स्टोइकाच्या शिकवणीचं छोटं पुस्तक, नेटवर फुकट मिळतं, पहिलाच परिच्छेद वाचा, शरीर आपल्या ताब्याबाहेरच्या यादीत आहे, मग दुखणं मनाने बंद करा असं ते कसं सांगतील? गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, प्लीज.