काय लावलंय ते नंतर, आधी काय कापलंय ते बघा

जुनी, छोटी कस्टम बाईक (कंपनीची गाडी बदलून बनवलेली) घेणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

हा कागद गॅरेजच्या काउंटरवर ठेवायला सुरुवात केली कारण तेच तेच बोलून घसा बसतो. कोणीतरी येतं, मोबाईल पुढे करतं, काका ही बघा, स्प्लेंडरवर बनवलेली कॅफे रेसर, पलासियाला एक जण विकतोय, घेऊ का? फोटो बघून आम्ही हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. फोटोत टाकी दिसते, गोल हेडलाइट दिसतो, तपकिरी सीट दिसते, आणि ज्याच्यावर तुमचा जीव टांगलेला असणार ते वेल्डिंग नेमकं त्या सीटखाली असतं.

छोटी म्हणजे आम्ही १०० ते १५० सीसीच्या गाड्या धरतोय. आरएक्स १००, सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, जुनी पल्सर असं सगळं. इंदूरात अशा बनवलेल्या गाड्या भरपूर फिरतात आणि त्यातल्या काही खरंच सुंदर असतात, आम्ही स्वतः बनवतो त्यामुळे कस्टमच्या विरोधात आम्ही नाही. पण कंपनीची जुनी गाडी घेताना तुम्ही कंपनीवर भरोसा ठेवता, कस्टम घेताना तुम्ही एका अनोळखी मिस्त्रीच्या हातावर भरोसा ठेवता, आणि तो मिस्त्री कोण हे विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं कारण तो तिसरा नाहीतर चौथा मालक असतो.

फ्रेम

विकणारा तुम्हाला काय काय लावलंय याची यादी ऐकवणार. डिस्क ब्रेक लावलाय, एलईडी लावलाय, रुंद टायर लावलाय. ऐकून घ्या आणि मग विचारा, कापलंय काय काय?

मागच्या पावसाळ्याआधी लोकमान्य नगरचा एक मुलगा अशीच स्प्लेंडर घेऊन आला. पैसे देऊन झाले होते, फक्त "एकदा बघून द्या" म्हणाला. रंग मस्त, मॅट काळा. सीट काढली तर मागची फ्रेम कापून तिथे अर्धगोल पाइप बसवलेला, तसं तर बहुतेक जण करतात, पण जोडाच्या जागी पाइप इतका गुळगुळीत की बोट फिरवलं तर काही लागेचना. वेल्डिंग केलेल्या जागी थोडा तरी उंचवटा हवा. आमच्याकडे फ्रिजच्या दारावरचं साधं चुंबक ठेवलेलं असतं, ते पाइपवर सरकवत नेलं, सगळीकडे चिकटत होतं आणि जोडापाशी आलं की गळून पडत होतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोनदा ठोकलं तर पुट्टीचा खपला निघाला, आत नखाएवढ्या जाडीची पुट्टी भरलेली आणि त्याखाली वेल्डिंगचे नुसते टाके मारलेले, चार टाके, मधे फटी. दोन माणसं बसून भेरू घाट चढली असती तर काय झालं असतं ते लिहायला नको. तो मुलगा बराच वेळ त्या खपल्याकडे बघत बसला, मग चहा पण न घेता निघून गेला. नंतर परत आला, फ्रेम आम्ही दुरुस्त करून दिली, पण त्या पैशात त्याला साधी धडधाकट स्प्लेंडर आली असती.

म्हणून चुंबक खिशात ठेवा, दहा-वीस रुपयात मिळतं. सीट काढायला सांगा, काढू देत नसेल तर तिथूनच परत या. जोड कुठे कुठे बघायचे तर सीटखाली, मागच्या शॉकअपची वरची खीळ जिथे बसते तिथे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडलच्या खाली, जिथे पुढची फ्रेम आणि कोनसेटची नळी (जिच्यात हँडल फिरतं) जोडलेली असते. तिथे कोणीही कधीच काही करायला नको, तिथे ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेगळा रंग दिसला तर गाडी एकतर ठोकलेली आहे नाहीतर कोणीतरी अँगल बदललाय. अशी गाडी आम्ही फुकट मिळाली तरी घेत नाही.

चिमटा, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं तो, लांब केलेला असेल (बॉबर, म्हणजे बुटक्या-लांब गाड्या बनवणारे करतात) तर जोड कसा आहे ते बघा, पाइपच्या आत दुसरा पाइप घालून जोडलाय की नुसतं टोकाला टोक लावून. मग गाडी उभी करून मागचं चाक दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवा. कट-कट वाजलं तर चिमट्याच्या खिळीतले बुश गेलेत. बुश गेलेले असणं हा काही गुन्हा नाही, स्वस्तात होतात, भाव कमी करून घ्या.

टायरचं सांगायचं राहिलं. स्प्लेंडरला मूळ टायर २.७५-१८ चा (पावणेतीन इंच रुंद) येतो, त्याच रिमवर लोक १२० नाहीतर १३० मिलिमीटरचा टायर चढवतात कारण मागून भारी दिसतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दाबला जातो, मधे उंच होतो, वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी होते. शिवाय चेन टायरला घासते, टायरच्या बाजूला काळी चमकदार रेघ दिसली तर समजून जा.

इंजिन

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की स्टार्ट करून ठेवू नका. तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन गरम लागलं तर काहीतरी लपवलंय असंच आम्ही धरतो. हात लावून बघा, पण सायलेन्सरला नको.

कस्टम गाड्यांमधे एअर फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. दिसायला चांगलं दिसतं, पण हवा जास्त जाते आणि कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बदलला नसेल तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफट असेल तर इंजिन उपाशी चाललंय, टू स्ट्रोक असेल तर पिस्टन जाम होण्याच्या वाटेवर आहे. काळं ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ऑइल जळतंय.

आरएक्स १०० बद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिच्यातच होते. ही गाडी आपल्याकडे १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. त्यामुळे कोणी "२००१ मॉडेल आरएक्स १००" विकत असेल तर टाकीवरचं स्टिकर आरएक्सचं आहे आणि खाली दुसरंच काहीतरी आहे, बहुतेक वेळा आरएक्स १३५. आरएक्स १०० च्या फ्रेममधे १३५ चं इंजिन तर सर्रास असतं, चालायला मजा येते, पण आरसीवर ९८ सीसी आणि खाली वेगळं इंजिन म्हणजे पुढे जे लिहिलंय तो घोळ.

दुसरं, या गाडीला टू टी ऑइलचा (टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जातं ते) वेगळा पंप असतो. कस्टम करताना लोक तो काढून टाकतात आणि ऑइल सरळ पेट्रोलमधे मिसळतात, लिटरला ३०-४० मिली. यात वाईट काही नाही, पण विकणारा हे सांगायचं विसरतो. नवा मालक खुशीत पंपावर जातो, टाकी नुसत्या पेट्रोलने फुल करतो आणि सुपर कॉरिडॉरवर गाडी ताणतो. ऑइलशिवाय पिस्टन जाम होऊन मागचं चाक लॉक होतं तेव्हा कळतं. विचारा, पंप आहे का काढलाय? आणि ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो) कितव्या साइजवर बोअर झालाय, म्हणजे आतून किती मोठा केलाय, तेही विचारा, शेवटच्या साइजवर असेल तर पुढच्या वेळी ब्लॉक बदलावाच लागणार.

टाकी मोबाईलच्या टॉर्चने आतून बघा. गंज असेल तर कार्बोरेटर सारखा चोक होणार. आणि टाकी फायबरची असेल तर आम्ही सरळ नको म्हणतो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल फायबरचं रेझिन हळूहळू विरघळवतं, ते चिकट होऊन कार्बोरेटरमधे उतरतं. जुने रबरी पाइप आणि वॉशर पण त्याने फुगतात, ते मात्र किरकोळ काम आहे.

सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली असेल तर पट्टी ओलावा धरून ठेवते, खाली पाइप सडलेला निघू शकतो. मीटरवर लक्ष देऊ नका. तो चायनीज डिजिटल मीटर ज्या दिवशी बसवला त्या दिवशी शून्यापासून सुरू झाला.

वायरिंग

इथे मिस्त्रीचा हात कळतो. हेडलाइट उघडून बघा. वायरी रंगाप्रमाणे लावलेल्या, कनेक्टर बसवलेले, फ्यूज आहे, तर माणूस नीट काम करणारा होता आणि बाकीची गाडीही त्याने नीटच केली असणार. सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या, पिळून वर काळी टेप, तर मग पहिल्या मोठ्या पावसात राजवाड्यासमोर गाडी ढकलायची तयारी ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, इंजिन चालू असताना. वळवल्यावर आवाज आपोआप चढला तर एक्सलेटरची केबल तोकडी पडतेय. हे अगदी साधं वाटतं पण यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून रेस झाली तर काय होईल विचार करा.

कागद

आता कंटाळवाणा भाग, पण जास्तीत जास्त पैसे इथेच बुडतात.

आमचाच किस्सा. गॅरेज नवीन होतं तेव्हा आम्ही एक टू स्ट्रोक घेतली, बनवून विकायची म्हणून. आरसी बघितली, फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर वाचला, जुळला, खूश झालो. घरी आणून रंग खरवडला तर नंबराचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित मोठे, आजूबाजूला ग्राइंडर फिरवलेला. विकणाऱ्याचा फोन बंद. ती गाडी आम्ही विकली नाही, विकता आलीच नसती. तेव्हापासून नंबर नुसता वाचत नाही, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतो, खोटा आकडा ठशात लगेच वेगळा दिसतो.

एम परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे ते बघा. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं. म्हणजे प्रत्येक आरएक्स १०० ची मुदत कधीच संपलेली आहे, रिन्यू झालंय का एवढाच प्रश्न. झालं नसेल तर ती गाडी नायता मुंडल्याला आरटीओत उभी करावी लागेल, आणि तिथला साहेब कापलेली फ्रेम आणि बदललेलं इंजिन बघणारच.

कायदा थोडक्यात असा की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जी गाडी बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे हेच परत सांगितलं. रंग बदलला तर नोंद करून घेता येते, इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची मंजुरी लागते. बेकायदा बदलाला दर बदलामागे ५००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. आणि रस्त्यात थांबवतात ते तुम्हाला, बनवणाऱ्याला नाही. आम्हीच कस्टम बनवतो आणि आम्हीच हे सांगतोय, विचित्र वाटेल, पण म्हणूनच आम्ही फ्रेम आणि इंजिनला हात न लावता सीट, हँडल, मडगार्ड, रंग एवढ्यातच खेळतो आणि मूळ पार्ट पोत्यात भरून गिऱ्हाइकाला देतो. विकणाऱ्याकडे असं पोतं असेल तर गाडीची किंमत थोडी जास्त द्यायला हरकत नाही.

ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर बँकेचा फॉर्म ३५, गाडी एमपी ०९ ऐवजी दुसऱ्या राज्याची असेल, म्हणजे पुण्याची एमएच १२ वगैरे, तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. एनओसी "नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला पैसे पण नंतरच द्या. घेतल्यापासून ३० दिवसांत नावावर करायची असते. आणि जे आमच्याकडे गाडी विकायला ठेवतात त्यांनीही ऐका, आरसीवर नाव तुमचं आहे तोपर्यंत मालक तुम्हीच, अपघात झाला तर भरपाईसाठी तुम्हालाच धरतात, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला हे स्पष्ट केलंय. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं म्हणून सुटका होत नाही.

इन्शुरन्स कंपनीला बदल कळवलेले नसतील तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडवू शकतात, पॉलिसी नावावर करतानाच सांगून टाका.

आमच्याकडे दाखवायची असेल तर

गाडी बघून द्यायचे ५०० रुपये, घेतली तरी आणि नाही घेतली तरी. सीट, टाकी, प्लग काढून बघतो, साधारण एक तास लागतो, तोपर्यंत कोपऱ्यावर पोहे-जिलबी खाऊन या. विकणाऱ्याला सोबत आणलं तर उत्तम, तो यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच झालं. सकाळी दहा ते सात, रविवारी बंद. आरसीची झेरॉक्स आणा, आणि येताना शक्यतो गाडी ढकलत नाहीतर टेंपोत आणा, चालवत आणली तर गार व्हायला दोन तास ठेवावी लागते.