जोहार, नमस्कार, जयभीम: शब्दांवरून झालेल्या लढायांची पार्श्वभूमी

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. नाव ठेवतात ते बारशाला, सगळ्यांसमोर. नावे ठेवतात ती पाठीमागे. महाराष्ट्राच्या जातव्यवस्थेत कितीतरी माणसांच्या वाट्याला ही दोन्ही कामे एकदमच आली, आणि दोन्ही दुसऱ्यांनीच केली. कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची, नमस्कार कोणी करायचा आणि जोहार कोणी, वस्तीला काय म्हणायचे, यावरून इथे सरकारी हुकूम निघाले, विधिमंडळात सभात्याग झाले, माणसे मेली. तरीही असा वाद उठला की कोणीतरी हटकून म्हणतेच, "शब्दच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" हे म्हणणाऱ्याला त्या शब्दाचा चटका कधी बसलेला नसतो.

या गोष्टीची सुरुवात कुठूनही करता येईल. मी ती १७७९ पासून करतो, कारण त्या वर्षीचा कागद फारच बोलका आहे. मुंबईतले सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले होते. ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसत होते आणि एकमेकांना भेटल्यावर 'नमस्कार' म्हणत होते. पुण्याच्या दरबाराला हे खपले नाही. पण मुंबई तर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात. म्हणून पुण्याहून कंपनीकडे तक्रार गेली आणि ९ ऑगस्ट १७७९ रोजी कंपनी सरकारच्या सचिवाने सोनारांच्या प्रमुखाला लेखी कळवले, की आपल्या जातीने 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये. हा कागद पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात उद्धृत केला.

तारीख पुन्हा एकदा पाहा. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरण आणले होते. दोन सत्तांमधले युद्ध संपलेले नव्हते. तोफा एकमेकांवर रोखलेल्या, आणि तरी एका शब्दावर बंदी घालण्यापुरते दोघांचे जमले. नमस्कार ही किती मोठी मालमत्ता होती, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

मालमत्ताच म्हणायला हवी, कारण तिची वाटणी ठरलेली होती. जुन्या पत्रांचे मायने चाळले की ती दिसते. ब्राह्मण ब्राह्मणाला नमस्कार लिहितो. मराठा सरदार ब्राह्मणाला दंडवत लिहितो आणि उत्तरात त्याला आशीर्वाद येतो. मराठे मराठ्यांना रामराम लिहितात. हेमाडपंतांच्या नावावर चालत आलेली 'मेस्तके' म्हणजे दुसरे तिसरे काही नसून कोणाला कोणत्या शब्दाने सुरुवात करायची याची नियमावलीच. आमच्या पिढीलाही शाळेत मायने शिकवले गेले: वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', शेवटी 'शिरसाष्टांग नमस्कार'. तेव्हा ते फक्त परीक्षेचे गुण वाटायचे. पायरीचा हिशेब त्यातच लपला होता, हे फार उशिरा लक्षात आले.

या वाटणीत महारांच्या वाट्याला आला 'जोहार'. गावात शिरताना, पाटलाच्या दारात भाकर मागताना, कुलकर्ण्यापुढे उभे राहताना, लांबून आणि वाकून: "जोहार मायबाप." हा शब्द मुळात हलका नव्हता. उत्तरेत तो लढवय्यांचे अभिवादन होता आणि आजही झारखंडपासून आपल्या पालघरपर्यंतचे आदिवासी एकमेकांना ताठ मानेने जोहार घालतात. पण गावगाड्यात तो एकाच बाजूने म्हटला जाऊ लागला. जोहाराला जोहार असे उत्तर मिळत नसे, आणि शब्द हलका झाला तो तिथेच. अभिवादनाची परतफेड होत नसेल तर ती हजेरी असते.

चोखोबांनी हाच शब्द उचलून विठ्ठलापुढे ठेवला: 'जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार.' पुढे एकनाथांनीही महाराच्या तोंडून बोलणारी 'जोहार' नावाची भारुडे रचली. चोखोबांच्या अभंगाचे पुढे नाट्यगीत झाले, बालगंधर्वांच्या आवाजात घराघरांत पोचले. ज्यांच्या घरात महाराला ओसरीवरही जागा नव्हती, त्याच घरात ग्रामोफोनवर जोहार ऐकला जात होता. चाल सुंदर आहे, यात वादच नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना तो रोज आपल्याच दाराबाहेर ऐकू येणारा शब्द आहे, हे जाणवले असेल?

जोहारासोबत एकेरी हाक यायची. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत आणि कोणी कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे वयावर ठरते, असे आपण मुलांना सांगतो. गावगाड्यात ते जातीवर ठरत असे. पाटलाचे दहा वर्षांचे पोर वेशीची राखण करणाऱ्या साठीच्या येसकराला अरेतुरे करी आणि तो त्या पोराला 'धनी' म्हणे. नावाचे शेपूटही तेच सांगे. एकाच्या नावाला राव, पंत किंवा शेट लागायचे, दुसऱ्याच्या नावाला नुसता 'या': सिद्या, धोंड्या, गोंद्या.

आणि महार पुरुषांच्या नावापुढे लागायचे 'नाक'. हे शेपूट दगडात पाहायचे असेल तर भीमा कोरेगावला जावे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने तिथे स्तंभ उभारला आणि आपल्या मेलेल्या सैनिकांची नावे कोरली. ४९ नावे, त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक'. स्तंभ उभारणाऱ्यांना सामाजिक क्रांती करायची नव्हती, स्वतःच्या विजयाची खूण हवी होती. पण ज्या नावाला गावात 'अरे' शिवाय कोणी हाक मारली नसेल, ते मराठी अक्षरांत, पूर्ण, दगडावर आले. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर तिथे गेले, त्यानंतर तो स्तंभ वेगळ्या डोळ्यांनी वाचला जाऊ लागला.

जोहाराची जागा पुढे 'जयभीम'ने घेतली. कामठीचे बाबू हरदास यांनी १९३० च्या दशकात हे अभिवादन रूढ केले, असे मानले जाते. हरदास १९३९ मध्ये पस्तिशीतच गेले, शब्द राहिला. याच्यात नवे काय होते, तर जयभीमला उत्तरही जयभीमच. वरचा-खालचा असा भेद त्यात बसवायला जागाच नाही. खेड्यांत सुरुवातीला हा शब्द उद्धटपणाचा मानला गेला, तो उगीच नव्हे. जोहार बंद झाला म्हणजे रोजची हजेरी बंद झाली, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळत होते.

अभिवादन स्वतःचे स्वतः बदलता आले. समूहाचे नाव बदलणे जास्त कठीण गेले, कारण ते सरकारी कागदावर असते. इंग्रजांच्या कागदात आधी 'डिप्रेस्ड क्लासेस' होते. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईत काढलेल्या मिशनच्या नावातही तेच शब्द. गोलमेज परिषदेच्या काळात, १९३१ मध्ये, आंबेडकरांनी लेखी मागणी केली की हे नाव अपमानास्पद आहे, ते बदला. त्यांनी सुचवलेल्या पर्यायांत 'प्रोटेस्टंट हिंदू' हासुद्धा होता, जो आज वाचताना चकित करतो. त्यातले काहीच मिळाले नाही. १९३५ च्या कायद्यात आले ते 'शेड्यूल्ड कास्ट्स', आपल्या मराठीत अनुसूचित जाती. म्हणजे यादीतल्या जाती. कोरडे, कारकुनी नाव. माझ्या मते त्याचा कोरडेपणा हाच त्याचा गुण आहे: त्यात ना दया आहे, ना शिवी.

दयेचे नाव दुसरीकडून आले. पुणे करारानंतर गांधीजींनी 'हरिजन' शब्द चालवला, नरसी मेहतांचा आधार देऊन. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. हेतू चांगला होता असे म्हणायला कोणाचीच हरकत नसावी. पण ज्यांच्यासाठी हे नाव होते त्यांना विचारले कोणी? जानेवारी १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने लोकल बोर्ड कायद्याच्या दुरुस्तीत 'हरिजन' शब्द घातला, तेव्हा मुंबई विधानसभेत नाशिकचे दादासाहेब गायकवाड उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की अस्पृश्य जर देवाची माणसे, तर मग स्पृश्य कोणाची? राक्षसांची? नाव गोड केल्याने पाणवठा खुला होत नाही, हा त्यामागचा मुद्दा. हा शब्द बदलण्याची सूचना बहुमताने फेटाळली गेली आणि आंबेडकरांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. कायद्यातल्या एका शब्दासाठी सभात्याग! जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका, असे केंद्र सरकारने राज्यांना कळवायला १९८२ उजाडले.

तोवर स्वतः निवडलेला शब्द रुळला होता. 'दलित' मराठीत आधीपासून होता, 'डिप्रेस्ड'चा प्रतिशब्द म्हणून. मूळ धातू दल्, भरडणे, आपले 'दळणे' त्याच्याच घरातले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ मध्ये दलित पँथर आली आणि शब्दाचा सूर पालटला. भरडलेला हा आता कीव मागत नव्हता, भरडणारा कोण ते बोट दाखवून विचारत होता. पँथरच्या जाहीरनाम्याने तर भूमिहीन, कामगार आणि स्त्रियाही या शब्दात घेतल्या. मग पुढचा वळसा आला: धम्म स्वीकारलेल्यांपैकी अनेक जण म्हणू लागले, आम्ही दलित कसले, आम्ही बौद्ध. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिकेनंतर केंद्राने माध्यमांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' वापरण्याचा सल्ला दिला. याचिका आंबेडकरी चळवळीतूनच आली होती आणि तिला विरोधही तिथूनच झाला. चळवळीच्या पोटातले हे भांडण मला लाजिरवाणे वाटत नाही. आपल्या नावावर आपसांत भांडता येणे, हेही कमावलेलेच आहे.

एका शब्दाची सर्वांत मोठी किंमत मात्र मराठवाड्याने मोजली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मुख्यमंत्री होते शरद पवार, खुर्चीवर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. ठरावाच्या पाठोपाठ मराठवाड्यातल्या खेड्यांत वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सोळा वर्षे गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला, आणि मुख्यमंत्री पुन्हा पवारच होते.

निर्णयाचा शब्द नीट पाहण्याजोगा आहे. मागणी 'नामांतरा'ची होती, सरकारने दिला तो 'नामविस्तार'. जुने नाव जाणार नाही, त्याच्या आधी नवे जोडले जाईल: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. विरोधकांना सांगता आले की 'मराठवाडा' कायम आहे, मागणी करणाऱ्यांना सांगता आले की बाबासाहेबांचे नाव आले. राजकारण म्हणून चलाख, यात शंका नाही. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठही झाले. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी लोटते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. सरकारी कागदावर तो नामविस्तार दिन. गर्दीतल्या जुन्या माणसांच्या तोंडात अजूनही नामांतरच असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली ही नावे जातील, समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी येतील. पश्चिम महाराष्ट्रात काही गावांत महारवाड्याला पूर्वीपासून 'राजवाडा' म्हणत. वाड्याला राजा चिकटवून झाले, पण पत्ता विचारणाऱ्याला काय समजायचे ते समजतच होते. भीमनगरचेही तसेच आहे: नाव अभिमानाचे, तरी गावाच्या कोणत्या टोकाला ते सांगावे लागत नाही.

महारकीची वतने, म्हणजे गावच्या चाकरीला जोडलेले पिढीजात हक्क, मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने मोडली. रद्द करणाऱ्या त्या कायद्याच्या नावातच ती 'कनिष्ठ' गाववतने होती. वतन गेले, चाकरी गेली, गावची राखण करणारा तराळ गेला. समतानगरातला मुलगा आज शिष्यवृत्तीसाठी सेतू केंद्रात जातो, जातीच्या रकान्यापुढे अनुसूचीतला क्रमांक भरतो: ३७. त्या क्रमांकासमोर छापलेले असते, 'महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू'.