सुखोईच्या पंखांखालचे ओझे

नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होणारे सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान रिकामे असताना सुमारे १८.४ टन वजनाचे असते. पोटातल्या टाक्यांत ते साधारण साडेनऊ टन इंधन घेते आणि त्याशिवाय पंखांखाली व धडाखाली मिळून ८ टनांपर्यंतचा भार बाहेरून वाहू शकते. या भारासाठी त्याच्यावर १२ हार्डपॉइंट, म्हणजे आतून खास मजबूत केलेल्या टांगणीच्या जागा आहेत. ८ टनांचा आकडा माहितीपत्रकात भारदस्त दिसतो. मात्र तेवढा भार घेऊन विमान क्वचितच उडवले जाते, कारण बाहेर टांगलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत विमानाला वेग, पल्ला आणि चपळाई यांतून मोजावी लागते.

पहिली किंमत हवेच्या अवरोधाची. वेग दुप्पट झाला की हा अवरोध ढोबळमानाने चौपट होतो आणि ध्वनीच्या वेगाजवळ तर त्याहूनही झपाट्याने वाढतो. शेजारी शेजारी टांगलेले दोन बॉम्ब वेगवेगळे मोजले असता जेवढा अवरोध भरतो त्याहून अधिक अवरोध ते एकत्र असताना करतात, कारण त्यांच्यामधल्या अरुंद जागेतून जाणारी हवा दोघांनाही छळते. जादा इंधनाची टाकीही याला अपवाद नाही. तिच्यातल्या इंधनाचा काही वाटा ती टाकी स्वतः वाहून नेण्यातच खर्ची पडतो. सुखोईच्या पोटात मुळातच भरपूर इंधन मावत असल्याने त्याला अशा टाक्यांवर विसंबावे लागत नाही आणि पंखांखालच्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या राहतात. या विमानाचा हा गुण त्याच्या वेगापेक्षाही मोलाचा मानावा लागेल.

दुसरा प्रश्न तोलाचा. समजा, मध्यरेषेपासून ४ मीटरवर दोन्ही पंखांखाली ५०० किलोचा एकेक बॉम्ब आहे आणि त्यांतला एकच सोडला. तेव्हा विमानाचे एकूण वजन २५ टन उरले असेल, तर गुरुत्वमध्य जड बाजूकडे ८ सेंटिमीटर सरकतो. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटते, पण विमान त्या बाजूला सतत कलू पाहते आणि ते सरळ ठेवण्यासाठी पंखांवरच्या नियंत्रक झडपा वाकवून ठेवाव्या लागतात. त्यात ५ जीचे, म्हणजे वजन पाचपट भासावे इतके तीव्र वळण घेतले, तर तोच बॉम्ब आपल्या कड्यांना अडीच टनांच्या जोराने ओढतो. म्हणून जड भार असताना वैमानिकाला तीव्र वळणांची मुभा नसते. अमेरिकी एफ-१६ विमानाच्या कॉकपिटमध्ये तर यासाठी स्वतंत्र बटण असते. बाहेरचा भार जड असल्याचे त्यावरून संगणकाला कळते आणि मग वैमानिकाने दांडा कितीही ओढला, तरी संगणक ठरलेल्या मर्यादेपलीकडे विमान वळू देत नाही.

बॉम्ब टांगण्याची व्यवस्था जवळून पाहिली तर साधी दिसते. बॉम्बच्या पाठीवर पोलादी कड्या असतात; नाटो देशांच्या मानकानुसार हलक्या बॉम्बवर त्या १४ इंच अंतरावर, तर जड बॉम्बवर ३० इंच अंतरावर बसवतात. पायलॉनमधले, म्हणजे हार्डपॉइंटवर बसवलेल्या टांगणीच्या खांबामधले, आकडे या कड्यांत अडकतात आणि बॉम्ब डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी स्क्रूचे टेकू घट्ट आवळले जातात.

खरी कसोटी लागते ती ओझे सोडताना. आकडे उघडले की वस्तू निमूटपणे खाली पडेल, असा सर्वसाधारण समज असतो; परंतु वेगात जाणाऱ्या विमानाच्या पोटालगतची हवा इतकी अस्ताव्यस्त वाहते, की हलकी वस्तू, विशेषतः रिकामी टाकी, खाली जाण्याऐवजी वर उसळून विमानावरच आदळू शकते. त्यामुळे पायलॉनमध्ये लहान स्फोटक काडतुसे बसवलेली असतात आणि त्यांच्या वायूच्या दाबाने दट्ट्या वस्तूला जोराने खाली ढकलतो. एवढे करूनही दगाफटका होतोच. जून १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ चाचणी सुरू असताना एफ-१४ विमानातून सोडलेल्या स्पॅरो क्षेपणास्त्राने नाक वर उचलले आणि ते त्याच विमानावर आदळले. दोन्ही वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचले, विमान मात्र गेले.

सुखोईवर ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसवणे जिकिरीचे का होते, ते यावरून लक्षात यावे. जमिनीवरून डागायच्या ब्राह्मोसचे वजन सुमारे ३ टन असते. विमानाचा वेग आणि उंची आयती मिळत असल्याने हवाई आवृत्तीला लहान बूस्टर, म्हणजे सुरुवातीचा वेग देणारे रॉकेट, पुरतो, म्हणून तिचे वजन अडीच टनांवर आणता आले. पडताना ती स्थिर राहावी यासाठी शेपटीकडे छोटे पंख जोडण्यात आले. तरीही पंखाखाली एवढे वजन टांगणे सोयीचे नव्हते. तोल न बिघडवणारी जागा एकच होती, ती म्हणजे दोन इंजिनांच्या मधोमध धडाखाली. तिथला सांगाडा मजबूत करून खास लाँचर बसवावा लागला, आणि एका विमानावर एकच क्षेपणास्त्र, ही मर्यादा स्वीकारावी लागली. शिवाय क्षेपणास्त्राच्या दिशादर्शक यंत्रणेला सुटण्याआधी आपली जागा, वेग आणि रोख अचूक ठाऊक असावा लागतो. ही माहिती उडत्या विमानाच्या यंत्रणेकडून तिला सतत पुरवावी लागते.

२५ जून २०१६ रोजी ब्राह्मोससह सुखोईने नाशिकहून पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते पहिल्यांदा प्रत्यक्ष डागले गेले. विमानापासून सुटलेले क्षेपणास्त्र आधी काही अंतर नुसते खाली पडते आणि विमान सुरक्षित अंतरावर गेल्यावरच बूस्टर पेटून ते ध्वनीच्या सुमारे २.८ पट वेग गाठते. क्षेपणास्त्र सुटते त्याच क्षणी वरचे विमान अडीच टनांनी हलके होऊन वर उचलले जाऊ पाहते, आणि त्याला सावरण्याचे काम उड्डाण-नियंत्रक संगणकाला करावे लागते. जानेवारी २०२० मध्ये ब्राह्मोसवाहक सुखोईंची २२२ क्रमांकाची तुकडी तंजावर येथे उभी राहिली. तिथून बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर ही दोन्ही क्षेत्रे या विमानांच्या टप्प्यात येतात.