रेंज घटणे वेगळे, बॅटरी बसणे वेगळे

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची एक तक्रार सोलापुरात दर उन्हाळ्यात ठरलेली असते. डिसेंबरात पूर्ण चार्ज केल्यावर २४० किलोमीटर दाखवणारी गाडी मे महिन्यात १९० दाखवू लागते, डॅशबोर्डचा फोटो चार जणांपुढे धरला जातो आणि निदान तिथल्या तिथे होते: बॅटरी बसली. मग कारणे शोधली जातात. कोणी म्हणतो, रोज शंभर टक्के चार्ज करता त्याचा हा परिणाम. कोणी फास्ट चार्जरला बोल लावतो. आणि कोणी नॉर्वेतल्या बर्फातला एखादा व्हिडिओ पाहून चार्जिंगपूर्वी बॅटरी गरम करण्याचा सल्ला देतो, तोही पारा ४२ अंशांवर असताना. पडद्यावरची रेंज आणि बॅटरीची क्षमता या दोन गोष्टी एकच समजल्या की असे होते. यांतली पहिली रोज बदलते आणि बदलायलाच हवी; दुसरी वर्षानुवर्षे, अगदी सावकाश कमी होते आणि ती पडद्यावर सहसा दिसतही नाही.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. बॅटरीचा आकार ज्या किलोवॅट-अवरमध्ये सांगतात तो वीजबिलावरचा युनिटच होय. ३० किलोवॅट-अवरच्या बॅटरीत ३० युनिट मावतात. जाहिरातीतली रेंज ठरावीक वेगचक्रानुसार, वातानुकूलन बंद ठेवून केलेल्या चाचणीतून येते, त्यामुळे तिच्याशी आपल्या गाडीची तुलना करून जीव जाळण्यात अर्थ नाही. त्या आकड्याचे नाव मी पुढे काढणार नाही.

पडद्यावरची रेंज हा निव्वळ एक गुणाकार आहे. बॅटरीत आत्ता किती युनिट शिल्लक आहेत याचा अंदाज गाडी घेते आणि अलीकडे एका युनिटमध्ये ती किती किलोमीटर धावली त्या अ‍ॅव्हरेजने त्याला गुणते. ३० युनिट आणि युनिटमागे ८ किलोमीटर, म्हणजे २४०. त्याच ३० युनिटांना साडेसहाचे अ‍ॅव्हरेज पडले की १९५. बॅटरीतला एक कणही झिजलेला नसताना ४५ किलोमीटर गेले. आता उलट बाजू पाहा: बॅटरी खरोखरच झिजून २८ युनिटांची झाली, पण अ‍ॅव्हरेज आठचेच राहिले, तर पडदा २२४ दाखवील. खऱ्या झिजेने १६ किलोमीटर गेले आणि नुसत्या उन्हाळ्याने ४५, तरी माणसे दोन्हींना एकच नाव देतात. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात हे समजायला जड जाऊ नये: हजार लिटरची टाकी एरवी पाच दिवस पुरते, घरी पाहुणे उतरले की तिसऱ्या दिवशी तळ गाठते, आणि तेवढ्यावरून टाकी लहान झाली असे कोणी म्हणत नाही.

उन्हाळ्यात अ‍ॅव्हरेज का पडते, याचेही साधे गणित आहे आणि ते बहुतेक जण उलटे मांडतात. एसीमुळे रेंज जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण ती हायवेवर जाते असा समज असतो. एसीची भूक किलोमीटरवर ठरत नाही, तासावर ठरते. बाहेर उकळत असताना गाडी थंड ठेवायला साधारण एक किलोवॅट लागतो असे धरू. सात रस्ता, नवी पेठ, भागवत चित्रमंदिराचा परिसर अशा गर्दीतून ताशी वीसच्या सरासरीने वीस किलोमीटर व्हायला एक तास लागतो, म्हणजे एसीने एक पूर्ण युनिट खाल्ला. त्याच अंतराला गाडी चालवायला अडीच युनिट लागत असतील, तर एकूण साडेतीन झाले आणि आठचे अ‍ॅव्हरेज पावणेसहावर आले. हेच वीस किलोमीटर पुणे रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने पाव तासात होतात आणि एसीच्या वाट्याला पाव युनिट येतो. त्यातून शहरातल्या माणसाचे दुपारचे फिरणे तुकड्यातुकड्यांचे असते. बँकेत जायचे, उन्हात गाडी लावायची, वीस मिनिटांनी भट्टी झालेली गाडी पुन्हा थंड करायची, पुढे दोन किलोमीटरवर परत तेच. प्रत्येक वेळी सुरुवातीची काही मिनिटे एसी पूर्ण जोराने चालतो, म्हणजे वर धरलेल्या एक किलोवॅटपेक्षा बराच जास्त ओढतो. मे महिन्यात फक्त गावात फिरणाऱ्या गाडीची रेंज सर्वांत वाईट दिसते ती यामुळे, आणि ‘हायवेला गेलोच नाही, तरी रेंज पडली’ या तक्रारीचे उत्तरही हेच आहे.

हायवेवर शत्रू वेगळा असतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० वर गेल्यास हवा कापण्यासाठी लागणारी वीज प्रत्येक किलोमीटरला दीडपटीहून अधिक होते. पुण्याला जाताना मोहोळ ओलांडले की रस्ता मोकळा मिळतो आणि उजवा पाय जड होतो. टेंभुर्णीपर्यंत रेंज का वितळली हे मग विचारावे लागत नाही. पावसाळ्यात त्यात पश्चिमेच्या वाऱ्याची भर पडते. जून ते ऑगस्ट तो पुण्याकडे जाताना तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो, आणि एकाच गाडीचे जातानाचे व येतानाचे आकडे दोन वेगळ्या गाड्यांचे वाटावेत इतके फरकाने येतात. चढाचेही तेच. दीड टनाच्या गाडीला शंभर मीटर उंची चढायला सुमारे ०.४ युनिट जास्त लागतो, म्हणून बालाघाटाच्या अंगावर असलेल्या तुळजापूरला जाताना पडदा रडवतो आणि उतरताना, ब्रेकिंगमधून थोडी वीज परत येत असल्याने, हसवतो.

या सगळ्याची आठवण पडद्याला असते, हा घोटाळ्याचा पुढचा पदर. रविवारी रात्री पुण्याहून ११० ने आलात, गाडी चार्जिंगला लावलीत आणि सोमवारी सकाळी शंभर टक्क्यांवर १८५ पाहिलेत, तर तो आकडा रविवारच्या वेगाचा आहे. रात्रीच्या चार्जिंगने काही बिघडलेले नसते. चार दिवस गावात शांतपणे फिरलात की तो हळूहळू वर चढतो. पण माणसाला दिसतो तो क्रम असा: चार्ज केले आणि रेंज कमी झाली. मग चार्जर बदलला जातो, सॉकेट बदलला जातो, एका परिचितांनी तर घराची वायरिंग तपासून घेतली.

इथवर घाबरणाऱ्यांचे झाले. उलट दिशेने चुकणारेही कमी नाहीत, आणि त्यांचा आत्मविश्वास जास्त असतो. ‘तीन वर्षे झाली, अजून शंभर टक्के चार्ज होते, बॅटरी ठणठणीत आहे,’ असे ते सांगतात. टक्केवारी ही बॅटरीच्या आजच्या क्षमतेची असते. ३० ची बॅटरी झिजून २७ ची झाली तरी पूर्ण भरल्यावर ती शंभरच दाखवणार. गाडी हाताळण्याची सवय दरम्यान सुधारली असेल, तर रेंजसुद्धा पहिल्याइतकीच दिसेल आणि झीज पूर्णपणे झाकली जाईल. झीज तर होतेच. साधारणपणे ती पहिल्या वर्षात थोडी अधिक दिसते, नंतर वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, आणि उष्ण गावांत त्याहून काहीशी जास्त असू शकते.

तिला खरा हातभार कशाने लागतो? उष्णता आणि भरलेली बॅटरी यांच्या जोडीने. तापमान चढले की बॅटरीच्या पेशींमधल्या (सेल) नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली की आणखी वेगाने. म्हणून माझ्या मते सोलापुरातली सर्वांत वाईट सवय फास्ट चार्जिंग ही नाही. शंभर टक्के भरलेली गाडी एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली आठ-आठ दिवस उभी ठेवून लग्नाला गावी जाणे, ही आहे. गाडी उभीच राहणार असेल तर ती पन्नास टक्क्यांच्या आसपास सोडावी. रोजचे चार्जिंग दुपारी परतल्या परतल्या न लावता रात्री उशिरा लावावे, म्हणजे तापलेली बॅटरी निवते आणि चार्जिंग सकाळी निघण्याच्या सुमारास संपते. फास्ट चार्जरबद्दल एवढेच, की प्रवासात तो बिनधास्त वापरावा आणि रोजचा मुख्य चार्जर करू नये. तिथे ऐंशी टक्क्यांवर थांबतात ते मुख्यतः वेळ वाचवण्यासाठी, कारण त्यापुढे वेग फार पडतो. घरी ऐंशीवर थांबण्याचे कारण निराळे आहे आणि ते प्रत्येक गाडीला सारखे लागू होत नाही.

ते का, हे समजले तर या विषयातली सर्वांत फसवी गाठ सुटते. एक सवय अशी आहे की ती बॅटरीला फारसे दुखावत नाही, पण पडद्याला खोटे बोलायला लावते. आपल्याकडच्या नेक्सॉन, टियागो यांसारख्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. एक्सयूव्ही४०० सारख्या गाड्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी. एनएमसी पेशीचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ असतो आणि रिकामी होत जाताना तो सतत उतरतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती शिल्लक आहे हे गाडीला बरेचसे ओळखता येते. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. तिथे ४० टक्के आणि ७० टक्के यांत फरक करणे अवघड असते, म्हणून गाडी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा जमाखर्च ठेवते. त्या हिशेबात रोज थोडी चूक साचते. बॅटरी पूर्ण भरली की शेवटी व्होल्टेज झपकन वर चढतो, आणि तिथे गाडी आपली वही पुन्हा जुळवून घेते.

आता कुठेतरी वाचलेला ‘४० ते ८०’ चा नियम एलएफपीवाल्याने महिनोन्महिने निष्ठेने पाळला की काय होते? वही कधी जुळतच नाही. पडद्यावरचे टक्के भरकटतात, पंधराचे एकदम सहा होतात, रेंज कमी दिसते, आणि बॅटरीची सर्वाधिक काळजी घेणाऱ्याच माणसाला ती बसल्यासारखी वाटते. मग तो घाबरून आणखी कमी चार्ज करतो! एलएफपी गाडी आठवड्यातून एकदा घरच्या संथ चार्जरवर शंभर टक्क्यांपर्यंत न्यावी आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत काढू नये. शेवटच्या टक्क्यावर ते बराच वेळ रेंगाळले तर पेशी एकमेकींशी समतोल करून घेत आहेत असे समजावे. त्यानंतर गाडी भरलेली उभी न ठेवता वापरायला काढावी, कारण उष्णतेचा नियम एलएफपीलाही सुटलेला नाही, फक्त ती तो जरा जास्त सोसते. एनएमसीवाल्यांनी रोज ऐंशी आणि लांबच्या प्रवासाआधी शंभर, एवढे पाळावे. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल तर अर्थात ते आधी.

बॅटरी खरोखर किती उरली हे पाहायचे असेल तर पडदा झाकून मीटर पाहावा. गाडीसाठी महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर उत्तमच, नसेल तर पार्किंगमधल्या सॉकेटला साधा सब-मीटर बसवावा. आधी एकदा शंभर टक्के करून वही जुळवून घ्यावी, दोन-तीन दिवसांत गाडी २० टक्क्यांवर आणावी, मीटरचा आकडा लिहावा आणि पुन्हा पूर्ण चार्ज करून फरक काढावा. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते, म्हणून ३० युनिटांच्या बॅटरीला या ८० टक्क्यांसाठी मीटरवर साधारण २७ युनिट पडतात. तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच चार्जरवर ते २५ पडले, तर क्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटली आहे, आणि ती तेवढीच घटली आहे, मग पडद्यावर १९० असो वा २५०. अनेक कंपन्यांची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमीसुद्धा या क्षमतेची असते. रेंजचा फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्यास हात हलवत परत यावे लागते. तिथे बॅटरीचा एसओएच, म्हणजे क्षमतेची टक्केवारी, लेखी मागावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे. विकणाऱ्याने आठवडाभर एसी बंद ठेवून ताशी चाळीसने गाडी फिरवली की पडद्यावर नव्या गाडीला लाजवील अशी रेंज उभी राहते, आणि तिला खोटे म्हणता येत नाही. तेव्हा गाडी २० टक्क्यांवर आणून रात्रभर आपल्या मीटरवर लावू द्या, असे सरळ म्हणावे. तो तयार नसेल तर सात-आठ टक्के झीज धरून न चालता त्याहून बरीच जास्त धरावी आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.